लाईट गेल्यावरचा भीमपलास

एप्रिल लागला की सोलापुरात दोन गोष्टी हमखास वाढतात, ऊन आणि शास्त्रीय संगीताची आवड. उन्हाचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे. आवडीचं कारण असं, की नववीचे पेपर संपलेले असतात आणि संगीताची परीक्षा दिली तर दहावीला वाढीव मार्क मिळतात, हे कुणीतरी आयांच्या ग्रुपवर टाकलेलं असतं. मग माझा फोन वाजायला लागतो. मी गाणं शिकवते. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या एका गल्लीत, घराच्याच पुढच्या खोलीत. इतकी वर्षं शिकवतेय, की पहिल्या बॅचच्या मुलींच्या मुली आता येऊन जातात. येऊन जातात, हेच खरं. राहत कुणी नाही.

परवाचाच फोन.

“मॅडम, क्लासिकलचा क्लास तुमचाच ना?”

“हो.”

“किती दिवसांत होतं हो ते?”

“काय होतं?”

“क्लासिकल.”

मी म्हटलं, माझं अजून चाललंय, झालं की कळवते. मग त्या बाई फार गोड आवाजात म्हणाल्या, “बरं बरं. तोपर्यंत दुसरं कोण घेतं का हो, लवकर संपवणारं?”

कपाळाला हात लावायचा, दुसरं काय! आणि रागावून तरी कुणावर रागावणार? त्या बाई काही वाईट नाहीत. मुलीचं भलं बघतात. उद्या लेझमाला मार्क मिळाले तर लेझीम शिकवतील. पण माझं डोकं फिरतं ते फिरतंच. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात, माझं उलटंच झालंय. पूर्वी मी बेसूर गाणाऱ्यांवर चिडायची, आता न गाणाऱ्यांवर चिडते, आणि त्यांची संख्या फारच मोठी आहे.

गेल्या थंडीत इथं एका सभागृहात गाण्याचा कार्यक्रम होता. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी राखलेल्या. पाहुणे आले, समई लावली, ‘हा अमूल्य ठेवा आपण सर्वांनी जतन केला पाहिजे’ असं भाषण झालं, आणि ठेवा सुरू व्हायच्या आत पाहुणे निघून गेले. मग त्या रिकाम्या खुर्च्यांच्या मागं आम्ही पांढऱ्या केसांची मंडळी गुडघे चोळत बसलेलो. गाणारा मुलगा बाहेरगावचा, तरुण, चांगला तयारीचा. आलाप रंगत आला होता. तर हा मधेच थांबला, माइकमध्ये हसला आणि म्हणाला, “आता तुम्हाला जास्त बोअर नाही करत.” आणि अभंगाकडं वळला. टाळ्या पडल्या! मला तिथल्या तिथं उठून त्याचा कान धरावासा वाटला. अरे, गाणाऱ्यानंच गाण्याबद्दल माफी मागायची? चहावाला कधी म्हणतो का, माफ करा हं, यात चहा आहे?

आणि ते ‘जतन’. त्या शब्दानं तर मला वात आणलाय. जतन म्हणे! गाणं काय मुरांबा आहे, बरणीत भरून माळ्यावर ठेवायला? कुणी गायलं तर ते आहे, नाही गायलं तर नाही. पण असं बोललं की लोक म्हणतात, मॅडम फार निगेटिव्ह बोलतात.

असा राग डोक्यात घेऊन पंख्याखाली बसले की मला हटकून दहाएक वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा आठवतो. कुठंतरी कुलर सुरू होतो, त्याच्या ओल्या गवताचा वास येतो, कुणाच्या तरी घरी कैरी चिरलेली असते, आणि मी त्या वर्षात जाऊन बसते.

त्या वर्षी लाईट फार जायची. कधी जाईल, कधी येईल, काही नेम नाही. ऊन असं, की अंगणातल्या नळाला हात लावला तर चटका बसावा. नळाला पाणी मात्र आपल्या ठरलेल्या दिवशीच, मध्ये बरेच कोरडे दिवस घालवून. त्यामुळं क्लासला दांडी मारायची कारणंसुद्धा खास सोलापुरी. “मॅडम, उद्या येणार न्हाई. उद्या आमच्याकडं पाणी हाय.” पाणी आलं म्हणून गाणं बुडतं, असं दुसऱ्या कुठल्या गावात होत असेल असं मला वाटत नाही.

आणि माग. तेव्हा आमच्या गल्लीत घरोघरी यंत्रमाग होते. टॉवेल, चादरी. सकाळी एकदा सुरू झाले की खटक-खट, खटक-खट, भिंतीतून, फरशीतून, जेवायला बसलं की ताटातून. मला आवाजाचं नवल नव्हतं. माझे वडील इथल्याच एका मिलमध्ये होते, आणि मिलचा भोंगा झाला की तो कुठला सूर आहे ते पेटीवर शोधून आम्हाला दाखवायचे. पण भोंगा आपला वाजायचा आणि थांबायचा. माग थांबत नसत. त्या खटखटीत गाणं शिकवायचं म्हणजे नाकी नऊ यायचे. मुली ओरडून गायच्या. हळू गा म्हटलं की मला ऐकू यायच्या नाहीत. मागाच्या लयीत तीनताल कधी बसायचा नाही, आणि चुकून बसला तर मुलींना इतका आनंद व्हायचा की समेवर सगळ्या मिळून खिदळायच्या. मी वैतागून खिडक्या लावायची. मग उकाड्यानं जीव जायचा. मग परत उघडायची.

आणि मग लाईट जायची.

मागांच्या गल्लीत ज्यानं दिवस काढलेले नाहीत त्याला हे सांगून कळायचं नाही. सगळे माग एकदम थांबत. पंखा दोनचार फेऱ्या कण्हत मारून गप्प होई. कान आधी बधिरच वाटत. मग हळूहळू एकेक आवाज परत येई. कावळा, कुणाच्या घरचा कुकर, गल्लीच्या तोंडाशी कलिंगडवाला. माझ्या मुली घामानं निथळत, “मॅडम, सुट्टी?” म्हणून माझ्याकडं बघत. अशाच एका दुपारी मी त्यांना सोडलं, पदरानं वारा घेत खिडकीत उभी राहिले, आणि मागच्या आळीतल्या एका घरातून भीमपलास ऐकू आला.

भीमपलास दुपारचा राग. त्या वर्षीच्या परीक्षेला होता, तेव्हा मीच शिकवलेला. बंदिश माझी, शब्द माझे, पण मी पदर हलवायची थांबले. ती जी कुणी होती, तिला घाई नव्हती. मध्यमावर छान टेकायची, जरा थांबायची, मग गांधाराला हात लावायची, तोही एकदम नाही. अंधारात पायरी चाचपावी तसा. माझ्या क्लासमध्ये सगळ्या मुलींचा गांधार म्हणजे नुसती ठेच. हा कुणाचा? मग लाईट आली, सगळे माग एका दमात सुरू झाले आणि भीमपलास त्यात बुडून गेला.

दुसऱ्या दिवशी मी क्लासमध्ये एकेकीला गायला लावलं आणि चोर सापडला. लावण्या. तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातली, नुकतीच नववी झालेली, भिंतीला टेकून सगळ्यांच्या मागं बसणारी. विचारल्याशिवाय तोंड उघडायची नाही, आणि उघडलं तरी मागांच्या गोंगाटात माझ्यापर्यंत पोचायची नाही.

“काल लाईट गेल्यावर तू गात होतीस?”

ती घाबरली. “सॉरी मॅडम.”

“अगं सॉरी काय! रोज किती वेळ बसतेस रियाजाला?”

“लाईट जाईल तेवढा.”

मला आधी उलगडाच झाला नाही. मग तिनं एकेक शब्द करून सांगितलं. घरात माग. ते चालू असले की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही, शिवाय ही आईबरोबर कांड्या भरायला, म्हणजे कापडातलं आडवं सूत कांडीवर गुंडाळायला बसलेली. लाईट गेली की माग बंद, हात मोकळे, घर शांत. तेवढ्यात गायचं. लाईट आली की उठायचं.

“आणि लाईट गेलीच नाही तर?”

“मग मनात की, मॅडम.”

आता सांगा, याला काय म्हणायचं! मोठमोठ्या गवयांच्या रियाजाच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकल्या. हिचा रियाज कुठल्यातरी विजेच्या तारेच्या भरवशावर चाललेला. त्या दिवसापासून मी बदलले. लाईट गेली की सगळी गल्ली वीजवाल्यांच्या नावानं खडे फोडायची, आणि मी पोळी तव्यावर तशीच टाकून खिडकी गाठायची. कितीतरी पोळ्या करपल्या त्या उन्हाळ्यात. आमच्या घरात कुणी तक्रार केली की मी म्हणायची, लाईट गेली होती ना. गॅसचा आणि लाईटचा काय संबंध, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

तिचे वडील कधीकधी तिला न्यायला येत. सडपातळ माणूस, शर्टवर, भुवयांवर सुताचे बारीक तंतू. आत या म्हटलं तरी यायचे नाहीत, उंबऱ्यापाशीच उभे. एकदा त्यांनी फार काळजीनं विचारलं,

“मॅडम, पोरीच्या ताणा झाल्या का?”

“होतील की परीक्षेपर्यंत.”

“आन् बाणा कवा?”

मला हसूच फुटलं. ‘ताना’ म्हणजे त्यांना मागावरचा ताणा वाटला होता, उभं सूत. तो आधी लावून घ्यायचा, आणि मग धोट्यानं आडवं सूत भरत जायचं, तो बाणा. “नुसता ताणा लावून कापड कुटं होतंय मॅडम?” ते अगदी मनापासून विचारत होते. मी त्यांना समजावलं की गाण्यातल्या ताना वेगळ्या, त्यांना बाणा नसतो. ते “असं व्हय” म्हणाले, पण काही पटलेलं दिसलं नाही. लावण्या लाजून लाल झाली, तेलुगूत त्यांच्याशी काहीतरी कुजबुजली आणि हाताला धरून त्यांना घेऊन गेली. मी ती गंमत त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगितली.

परीक्षा जवळ आली तसे क्लास फारच बुडायला लागले. कुणाकडं पाणी, कुणाकडं लग्न. तेव्हा मुलींनीच टूम काढली, मॅडम, ताना रेकॉर्ड करून ग्रुपवर टाका की. मी फोन समोर ठेवून भीमपलासच्या ताना गायले. आत फोडणी पडलेली होती, मिरचीचा ठसका लागला, मधे एकदा खाकरले आणि पुढं गायले. परत कोण करत बसणार? तसंच पाठवून दिलं.

परीक्षा एका शाळेच्या हॉलमध्ये. बाहेर चपलांचा ढीग, ढिगाशेजारी आया, प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली आणि ओठांवर आपल्या मुलीच्या ताना. परीक्षक बाहेरगावचे, वयस्कर, फार सभ्य गृहस्थ. पेटीवर मी. माझ्या क्लासची पहिली मुलगी गायला बसली. बंदिश झाली, ताना सुरू झाल्या, आणि मधेच ती खाकरली. म्हटलं, उन्हाचा घसा बसला असेल. दुसरी बसली. तीही खाकरली, तिथंच. तिसरी खाकरली तेव्हा माझा पेटीवरचा हातच थांबला. चौथीनं तर अगदी लयीत खाकरून माझ्याकडं अशा समाधानानं बघितलं, की अवघड जागा साधली बघा मॅडम. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“मॅडम,” ते अगदी गंभीरपणे म्हणाले, “ही जागा कुठल्या घराण्याची म्हणायची?”

हॉलमध्ये हशा पिकला. तबलजी तर तबल्यावर डोकं टेकून हसत होते. मीही हसले, तिथं दुसरं काय करणार? घरी येऊन मात्र मला रडू कोसळलं. इतकी वर्षं घसा फोडून शिकवायचं आणि मुलींनी काय उचललं, तर माझा ठसका. आणि बाहेर आया खूश! “सगळ्या मुली अगदी सेम टू सेम गायल्या हो मॅडम!” टॉवेलची बॉर्डर बघून बोलावं तसं बोलत होत्या.

पण त्या हॉलमध्ये अजून लावण्या गायची होती. ती सगळ्यांत शेवटी बसली. ती खाकरली नाही. खाकरणार कशी, तिला ते ऐकूच गेलं नव्हतं. मागांच्या खटखटीत फोन कानाला दाबून जेवढं पोचलं तेवढं तिनं घेतलं होतं, आणि जे पोचलं नाही तिथं लाईट गेल्यावर आपलं आपण काहीतरी भरलं होतं. दोनच ताना झाल्या आणि ती मध्यमावर थांबली. मी पेटीवर पुढची तान धरायला बोटं उचलली आणि तशीच ठेवली. मध्यमावरून ती सावकाश गांधाराला आली, तिथं राहिली, तिथून खाली निषादाकडं निघाली. ती वाट माझ्या कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नव्हती. खरं सांगायचं तर माझ्याही गाण्यात नव्हती. आणि फिरत फिरत अशी समेवर आली, की मघाशी हसणाऱ्या तबलजींच्या तोंडून ‘वा’ निघून गेलं. मला उंबऱ्यातला तो माणूस आठवला. बाणा कवा म्हणत होता ना? हा घ्या बाणा. माझ्या अंगावर काटा आला होता, त्या उकाड्यात.

परीक्षकांनी हात वर केला. “बाळा, हे कुणी शिकवलं तुला?”

लावण्याचं तोंड उतरलं. “सॉरी सर,” ती म्हणाली. “विसरले.”

“अगं, विसरली नाहीस तू...” परीक्षक सांगायला लागले, पण तोवर ती नमस्कार करून उठली होती आणि पुढच्या क्लासची मुलगी तंबोऱ्याशी येऊन बसली होती. बाहेर आली ती डोळे पुसतच. “मॅडम, माझ्या ताना पूर्ण झाल्या न्हाईत.” मी तिचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हटलं, “अगं वेडे, तू आज जे गायलीस ना, त्यालाच गाणं म्हणतात. बाकीचं पाठांतर.” तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मॅडम बिचाऱ्या समजूत काढतायत.

निकाल लागला. खाकरणाऱ्या सगळ्या पहिल्या वर्गात. लावण्या पास झाली, पण खालच्या वर्गात, कारण ठरलेल्या ताना पूर्ण नव्हत्या. परीक्षकांना तरी काय बोलू, त्यांच्यासमोर जे छापील होतं त्याप्रमाणं त्यांनी केलं. पण ज्या दिवशी खाकरण्याला पहिला वर्ग आणि गाण्याला खालचा वर्ग मिळाला, त्या दिवसापासून मला या सगळ्या कारभाराचा वीट आला. हे लिहितानासुद्धा माझं डोकं तापतंय.

जूनमध्ये तिचे वडील आले. या वेळी आत आले. हातात स्वतःच्या मागावरची चादर, नीट घडी घातलेली. “मॅडम, आता दहावी हाय तिची. दहावी झाली की परत पाठिवतो.” मी म्हटलं, आठवड्यातून एकदाच पाठवा, अर्धा तासच पाठवा, फी नको मला. अक्षरशः हात जोडले मी त्या माणसापुढं. माझा स्वभाव बघता हे कुणाला खरं वाटायचं नाही. ते ओशाळून म्हणाले, “बगू की.” मी जन्मानं सोलापूरची आहे. ‘बघू की’ म्हणजे काय ते मला चांगलं कळतं.

दहावी झाली, मग बारावी आली, मग कॉलेज. लाईट गेली की मी खिडकीशी जात राहिले. आधी अधूनमधून ऐकू यायचं, मग क्वचित, मग नुसता कुकर आणि कलिंगडवाला. एके दिवशी माझ्या लक्षात आलं की पोळी करपली नाही. मी गेलेच नव्हते खिडकीत.

आणि आता? आता आमच्या गल्लीत एकही माग नाही. कुणी विकले, कुणी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत नेले. गल्ली इतकी शांत, की शेजारी भाकरी थापली तरी ऐकू येतं. लाईट तर फारशी जातच नाही, गेली तर माझं घर सोडून घरोघरी इन्व्हर्टर. रियाजाला याहून चांगली जागा मागून मिळायची नाही. तानपुरा फोनमध्ये, तबला फोनमध्ये, एकेक मोठा गवई फोनमध्ये. मी मुलगी असताना एखादा राग नीट ऐकायला मिळावा म्हणून शेजाऱ्यांच्या रेडिओला कान लावून उभी राहायची, ते काका झोपायला गेले की राग तिथंच तुटायचा, आणि उरलेला मी अंथरुणात मनाशी पुरा करायची. आता सगळे मला सांगतात, मॅडम, आता किती सोपं झालंय, सगळं उपलब्ध आहे. उपलब्ध! अहो, ताट वाढलेलं आहे हो, पण भूक कुठाय?

माझा तानपुरा कोपऱ्यात गवसणीत उभा आहे. त्याची जवारी गेलीय, तार छेडली तर झंकारायच्या ऐवजी नुसती टणटणते. मिरजेला नेऊन दुरुस्त करायला हवा. दर वर्षी म्हणते नेईन, आणि दर वर्षी वाटतं, कुणासाठी?

भीती कसली वाटते ते स्पष्टच सांगते. शास्त्रीय संगीत मरेल अशी भीती मला वाटत नाही. ते मरणार नाही. समया लागतील, भाषणं होतील, सर्टिफिकिटं वाटली जातील, आयांच्या ग्रुपवर मुलींचे व्हिडिओ येतील, सगळ्या मुली सेम टू सेम गातील आणि सगळ्या एकाच जागी खाकरतील. ते सगळं व्यवस्थित चालू राहील. फक्त मध्यमावर थांबून, आता कुठं जाऊ, असा विचार करणारं त्यात कुणी नसेल. मला त्याची भीती वाटते, आणि ती कुणाला सांगायला गेले तर समोरचं माणूस म्हणतं, मॅडम, परीक्षेचे फॉर्म कधी भरायचे?

काल दुपारी दारात स्कूटी थांबली. हेल्मेट काढलेली मुलगी ओळखू यायला मला थोडा वेळ लागला. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. सोबत तिचाच चेहरा लावलेली एक लहान मुलगी.

“मॅडम, ओळखलं का? लावण्या.”

मी तिला जवळच ओढलं. ती अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसला आहे. वडीलही आता त्याच भागात मागावर कामाला जातात. छान चाललंय म्हणाली. चांगलं वाटलं ऐकून. मग ती म्हणाली, “ही श्रावणी, माझी बहीण. हिला परीक्षेला बसवायचं होतं मॅडम. दहावीला मार्क मिळतात ना.”

राग गिळला मी.

“बसवू. तू गातेस का गं अजून?”

“न्हाई मॅडम.”

“का? घरात माग आहेत का अजून?”

“कुटं मॅडम, कवाच विकले की. घर शांतच असतंय आता.”

“मग?”

ती खरोखरच विचार करायला लागली. कुणी हा प्रश्न तिला कधी विचारलाच नसावा. मग हसून म्हणाली, “काय की मॅडम. लाईट गेली की गायची सवय होती. आता लाईटच जात न्हाई.”

ती हसत होती. श्रावणीही हसली. मला मात्र एकदम असा संताप आला, की कुणावर ते सांगता येणार नाही. मी उठले, दाराच्या मागं गेले आणि मेन स्विच खाली ओढला.

पंखा दोनचार फेऱ्या कण्हला आणि थांबला. कुलर गप्प झाला. ती भर दुपारची खोली एकदम ऐकू यायला लागली. कावळा. शेजारचा कुकर. मी पेटी पुढं ओढली, भाता मोकळा केला आणि सा म्हणून काळी चार दाबून धरली.

“गेली लाईट,” मी म्हणाले. “गा.”

“मॅडम, आता कसं... ऑफिसला जायचंय...”

“गा म्हणते ना!”

तिनं ओळखपत्र काढून मांडीवर ठेवलं. सवयीनं एकदा खिडकीकडं बघितलं आणि सा लावला. आवाज गंजलेला, श्वास अपुरा. पण सा पेटीत मिसळला. निषाद, सा, आणि मग सावकाश मध्यम. मध्यमावर ती टेकली. मी श्वास धरून बसले होते. तिथून ती गांधाराकडं निघाली, आणि आवाज चिरला. तिनं परत प्रयत्न केला. परत चिरला. मग तिनं डोळे उघडले.

“सॉरी मॅडम,” ती म्हणाली. “विसरले.”

हेच वाक्य मी तिच्या तोंडून एकदा ऐकलं होतं. तेव्हा ते खरं नव्हतं.

तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, माझ्या डोळ्यांचं काय चाललं होतं ते मी सांगत नाही. श्रावणी बिचारी गोंधळून गेली. ती हळूच उठली, दारामागं गेली आणि म्हणाली, “मॅडम, लाईट लावू का?”

“खबरदार हात लावलास तर,” मी म्हणाले, आणि भाता पुन्हा भरला. “लावण्या, मध्यमावरून. परत.”